जुन्या यंत्राला नवा वेग किती झेपतो? एमबीपीएसवरून आयडीई, स्कझी आणि फ्लॉपीपर्यंतचा हिशेब

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलचे कारखाने, पूर्व भागातले घरगुती माग, चिंचोळीची मशीन शॉप्स, गावातले जुने फोटो स्टुडिओ कुठेही जा, एक दृश्य हमखास दिसतं. दारापर्यंत फायबरची नवी लाइन आलेली असते आणि कोपऱ्यात पिवळट पडलेला जुना कॉम्प्युटर अजून रोज चालू होत असतो. जॅकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची) डिझाइनं त्याच्यातच असतात, सीएनसीचे (कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू कापणाऱ्या मशीनचे) प्रोग्रॅम त्याच्यातूनच जातात, किंवा कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो त्याच्याच हार्ड डिस्कवर पडून असतात. तो कुरकुरायला लागला की नवी पेठेतल्या एखाद्या दुकानात फोन जातो आणि दुकानातला नवखा मुलगा किंवा मुलगी पिशवी घेऊन निघते.

तिथे मालक दोनच गोष्टी विचारतात : "किती वेळ लागंल?" आणि "कुठला पार्ट आणू?" दोन्हीची उत्तरं एकाच हिशेबात असतात. आजच्या वेगाचे आकडे जुन्या इंटरफेसच्या, म्हणजे डिस्क-ड्राइव्ह जोडण्याच्या पद्धतींच्या, आकड्यांशेजारी मांडता आले पाहिजेत. हे गणित आठवीच्या भागाकारापलीकडे जात नाही, पण ते कुणी नीट बसवून शिकवत नाही. मग पंधराशे रुपयांत होणाऱ्या कामाला पाच हजारांचा पार्ट बसतो आणि वेग होता तिथेच राहतो. नुकताच डिप्लोमा किंवा आयटीआय संपवून या कामात उतरलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

पहिली पायरी : सगळं 'सेकंदाला किती बाइट' यावर आणा

वेग सांगणारा प्रत्येक जण आपल्या सोयीचं माप वापरतो. नेटची जाहिरात, नेटवर्क कार्ड, यूएसबी आणि साटा (आजच्या डिस्कची जोडणी) हे बिटमध्ये बोलतात. आयडीई आणि स्कझी या डिस्कच्या जुन्या जोडण्या बाइटमध्ये बोलतात. सीडी आणि कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर 'एक्स' छापलेला असतो. सीएनसीच्या सिरियल पोर्टवर बॉड रेट, म्हणजे सेकंदाला किती बिट, असतो. तुलना करायची तर सगळ्यांना एका मापात आणावं लागतं, आणि आपल्या कामाला बाइट हेच माप बरं, कारण फाइलचा आकार बाइटमध्येच दिसतो.

८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिटची) फायबर लाइन म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, ३०० ची लाइन म्हणजे ३७.५ आणि १ गीगाबिटचं नेटवर्क म्हणजे १२५ मेगाबाइट. "शंभरचा प्लॅन घेतला आणि डाउनलोड बाराच दाखवतंय" ही तक्रार घेऊन येणाऱ्याला एवढा भागाकार करून दाखवला की पुरतं.

पण दर वेळी ८ ने भागून चालत नाही, आणि नवख्यांचा हिशेब इथेच बिघडतो. साटाच्या केबलमधून सलग शून्यं किंवा सलग एकच एक जात राहिले, तर समोरच्या चिपला ठेका धरता येत नाही. म्हणून दर ८ बिटांच्या जागी १० बिटांचा ठरलेला नमुना पाठवतात. त्यातले २ बिट आपल्या डेटाचे नव्हेत. त्यामुळे साटाच्या १.५ गीगाबिटला १० ने भागायचं : सेकंदाला १५० मेगाबाइट. ३ गीगाबिटचे ३०० आणि ६ गीगाबिटचे ६००. ५ गीगाबिटवाल्या यूएसबी ३.० लाही हाच नियम, म्हणून त्याची कमाल मर्यादा ६२५ नव्हे, ५०० मेगाबाइट.

सिरियल पोर्टलाही १० च, फक्त कारण वेगळं. प्रत्येक बाइटच्या आधी एक स्टार्ट बिट आणि नंतर एक स्टॉप बिट जातो. ९६०० बॉडवर सेकंदाला ९६० बाइट मिळतात, १२०० नाही. काही सीएनसी कंट्रोलर ७ डेटा बिट, १ पॅरिटी (चूक तपासायचा बिट) आणि २ स्टॉप बिट अशा सेटिंगवर चालतात. तिथे स्टार्ट बिट धरून ११ होतात, म्हणजे ४८०० बॉडला सेकंदाला साधारण ४३६ अक्षरं. मशीनचं सेटिंगचं पान बघितल्याशिवाय भागाकार करू नका.

मदरबोर्डावर कार्ड आणि ड्राइव्ह जोडणाऱ्या नव्या पीसीआय एक्स्प्रेसमध्ये, म्हणजे तिसऱ्या पिढीपासून, १२८ बिटांमागे फक्त २ बिट जादा जातात. तिथे पुन्हा ८ ने भागलं तरी चालतं. चार लेनच्या एनव्हीएमई ड्राइव्हला (पीसीआय एक्स्प्रेसवरच्या एसएसडीला) तिसऱ्या पिढीत सेकंदाला जवळपास ३,९४० मेगाबाइटची वाट मिळते ती अशी.

दुसरी पायरी : हजार की १०२४

ही पायरी पटकन उरकू. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजून नाव मात्र तेच लावतं. म्हणून ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते आणि २० जीबीची १८.६. डिस्कमध्ये काही कमी नसतं. मेगाबाइटच्या पातळीवर फरक सुमारे ५ टक्के, गीगाबाइटला सुमारे ७ टक्के. वेळेचा अंदाज बांधताना तो सोडून दिला तरी चालतो. डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढताना मात्र अजिबात सोडू नका. तिथे नव्या डिस्कची एकूण सेक्टरसंख्या (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा ठरावीक आकाराचा कप्पा) जुनीपेक्षा एकानेही कमी असता कामा नये.

फ्लॉपीचं १.४४ या दोन्हींत बसत नाही. ते १,४४० गुणिले १,०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट आहेत. अर्धा हिशेब हजारात, अर्धा १०२४ मध्ये.

तिसरी पायरी : जुन्या इंटरफेसचे आकडे हाताशी ठेवा

हा तक्ता मोबाइलमध्ये किंवा वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. सगळे आकडे सेकंदाचे आणि कमाल मर्यादेचे आहेत.

३.५ इंची १.४४ फ्लॉपी : ५०० किलोबिट, म्हणजे ६२.५ किलोबाइट
एसटी-५०६ जातीची सुरुवातीची हार्ड डिस्क : ५ मेगाबिट, म्हणजे ०.६२५ मेगाबाइट
आयडीई पीआयओ (प्रोसेसर स्वतः डेटा उचलतो ती पद्धत) मोड ० ते ४ : ३.३, ५.२, ८.३, ११.१ आणि १६.७ मेगाबाइट
आयडीई अल्ट्रा डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा नेणारी पद्धत) मोड २, ४, ५, ६ : ३३.३, ६६.७, १०० आणि १३३ मेगाबाइट
स्कझी, ८ बिटांची : पहिली ५, फास्ट १०, अल्ट्रा २० मेगाबाइट
स्कझी, १६ बिटांची : फास्ट वाइड २०, अल्ट्रा वाइड ४०, अल्ट्रा-२ वाइड ८०, त्यापुढे १६० आणि ३२० मेगाबाइट
यूएसबी १.१ : १२ मेगाबिट, म्हणजे १.५ मेगाबाइट
यूएसबी २.० : ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट
सीडी १ एक्स : १५३.६ किलोबाइट

हे आकडे पाठ करण्यापेक्षा ते कुठून येतात ते एकदा समजून घ्या, मग विसरले तरी कागदावर काढता येतात. आयडीईची केबल एका वेळी १६ बिट, म्हणजे २ बाइट नेते. पीआयओ मोड ४ मध्ये एक फेरी १२० नॅनोसेकंदांची. २ बाइट भागिले १२० नॅनोसेकंद केलं की १६.७ मेगाबाइट येतात. अल्ट्रा डीएमएमध्ये त्याच १२० नॅनोसेकंदांच्या फेरीत सिग्नल चढताना एकदा आणि उतरताना एकदा असा दोनदा डेटा उचलतात, म्हणून मोड २ ला ३३.३. मोड ६ मध्ये दर १५ नॅनोसेकंदांनी २ बाइट जातात, ते १३३. स्कझीला तर मेगाहर्ट्झला बाइटच्या रुंदीने गुणायचं : फास्ट म्हणजे १० मेगाहर्ट्झ, वाइड म्हणजे २ बाइट, गुणाकार २०.

मोड २ च्या वर जायचं असेल तर ८० तारांची केबल लागते. कनेक्टर ४० पिनांचाच असतो, पण दर दोन तारांमध्ये एक ग्राउंडची तार टाकलेली असते, शेजारच्या सिग्नलची गडबड अडवायला. जुनी, जाड दातेरी दिसणारी ४० तारांची केबल लावली असेल तर १३३ वाली डिस्क ३३ वरच चालेल. कॅबिनेट उघडल्यावर पहिली नजर त्या केबलवर टाका. पन्नास-शंभर रुपयांची वस्तू असते आणि ती बघायची राहून जाते.

चौथी पायरी : शेजारी मांडून बघा

आता रूपांतर. १०० एमबीपीएसची फायबर लाइन, १२.५ मेगाबाइट. तक्त्यात बघा : पीआयओ ३ च्या वर आणि पीआयओ ४ च्या खाली. म्हणजे आज जी लाइन घरोघरी आहे ती १९९० च्या दशकाच्या मध्यावरच्या आयडीईएवढी. ३०० ची लाइन, ३७.५ मेगाबाइट, अल्ट्रा डीएमए ३३ च्या थोडी पुढे. गीगाबिट नेटवर्क, १२५ मेगाबाइट, मोड ५ च्या पुढे आणि मोड ६ च्या जरा मागे. कागदावर जुनी आयडीई आजच्या नेटपुढे अजिबात लाजत नाही. 'जुनं म्हणजे हळू' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, ते आधी काढून टाका.

सीडीची १ एक्स बिटच्या मापात १.२३ मेगाबिट होते. ५२ एक्सचा ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ८ मेगाबाइट, तेही फक्त बाहेरच्या कडेला. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डांवरचा 'एक्स' हाच : १५० किलोबाइटने गुणायचं. १३३ एक्सचं कार्ड म्हणजे साधारण २० मेगाबाइट, म्हणजे पीआयओ ४ ला पुरून उरेल असं, आणि अल्ट्रा डीएमए ३३ ला बरंच कमी पडेल असं. जुन्या मदरबोर्डासाठी कार्ड निवडताना एवढं कळलं तरी दुकानदाराशी बोलणं सोपं जातं.

पाचवी पायरी : कमाल मर्यादा आणि खरा वेग वेगळे धरा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे सावकाश जाऊ. मागाच्या पाटीवर मिनिटाचे पिक (आडवे धागे) लिहिलेले असतात, पण पाळी संपल्यावर किती मीटर कापड उतरलं ते धागे तुटणं, कांडी बदलणं, लाइट जाणं हे सगळं वजा जाऊन ठरतं. इंटरफेसचा आकडा हा पाटीवरचा आकडा आहे.

फ्लॉपीचं उदाहरण घेऊ, कारण तिथे सगळं डोळ्यांसमोर मोजता येतं. ५०० किलोबिट भागिले ८, ६२.५ किलोबाइट. पण फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५. एका फेऱ्यात एका ट्रॅकवरचे १८ सेक्टर जातात, प्रत्येकी ५१२ बाइटचे, म्हणजे ९,२१६ बाइट. पाच फेऱ्यांचे ४६,०८० बाइट. मग ६२.५ मधले उरलेले १६ किलोबाइट कुठे गेले? दोन सेक्टरांमधल्या मोकळ्या जागा, सेक्टरचा पत्ता, तपासणीचे अंक यांत गेले. आता पूर्ण फ्लॉपीचे १४,७४,५६० बाइट भागिले ४६,०८० करा : बरोबर ३२ सेकंद. यात एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर सरकण्याचा वेळ अजून धरलेलाच नाही. म्हणून एक फ्लॉपी वाचायला एक मिनिट लागलं तर ड्राइव्ह खराब झाला असं समजू नका.

यूएसबी २.० चंही असंच. ४८० मेगाबिट, ६० मेगाबाइट. त्याच्या नियमांप्रमाणे दर १२५ मायक्रोसेकंदांच्या तुकड्यात ५१२ बाइटची जास्तीत जास्त १३ पाकिटं बसतात, त्यांचे होतात सेकंदाला ५३ मेगाबाइट. प्रत्यक्षात डिस्क यूएसबीला जोडणारे बाजारातले अडॅप्टर ३० ते ४० वर थांबतात. यूएसबी १.१ वर १ मेगाबाइटच्या आसपास धरा. गीगाबिट नेटवर्कचे १२५, पण पाकिटांवरचे पत्ते वजा जाता फार तर ११८.

हार्ड डिस्कला आणखी एक गोष्ट आहे. तिच्या तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त सेक्टर बसतात, आतल्या बाजूला कमी. त्यामुळे नक्कल सुरू होते तेव्हा वेग चांगला असतो आणि शेवटाकडे जवळपास निम्म्यावर येतो. पहिल्या पाच मिनिटांचा वेग बघून मालकांना वेळ सांगितली की संध्याकाळी तोंडघशी पडायची वेळ येते. सुरुवातीच्या वेगाचा पाऊण भाग सरासरी म्हणून धरावा.

आणि बारीक फाइली. जुन्या डिस्कला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायला, तबकडी फिरून येण्यासह, १०-१५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला शंभरेक उड्या, फार तर. डिझाइनच्या २० किलोबाइटच्या हजारो फाइली एकेक करून उचलल्या तर सेकंदाला २ मेगाबाइटच्या वर वेग जाणारच नाही, मग केबल १३३ ची असो की आणखी कशाची. अशा डिस्कची फाइल-फाइल करून कॉपी करण्याऐवजी पूर्ण डिस्कची इमेज काढा. डिस्क आवाज करत असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी चांगला भाग उचलतं आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर परत येतं.

सहावी पायरी : डेटाची वाट कागदावर काढा

आता सगळं एकत्र. समजा डिझाइन सेंटरमधल्या जुन्या कॉम्प्युटरची २० जीबीची आयडीई डिस्क आहे, तिची नक्कल नव्या एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर) घ्यायची आहे. कागदावर डावीकडून उजवीकडे लिहा : तबकडीवरून वाचण्याचा सरासरी वेग, धरा २० मेगाबाइट, आयडीई अल्ट्रा डीएमए मोड ४, ६६.७, यूएसबी २.० अडॅप्टर, ३३. तुमचा लॅपटॉप आणि एसएसडी, शेकड्यांत. यातला सगळ्यात लहान आकडा २०. बाकीचे सगळे खोडा. २०,००० मेगाबाइट भागिले २०, १,००० सेकंद, म्हणजे १७ मिनिटं.

तोच अडॅप्टर कारखान्यातल्याच दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरच्या यूएसबी १.१ पोर्टात लावला तर सगळ्यात लहान आकडा १ होतो. २०,००० सेकंद, साडेपाच तास. डिस्क न काढता १० मेगाबिटच्या जुन्या नेटवर्क कार्डावरून घ्यायची म्हटली तर १.२५ मेगाबाइट, निदान साडेचार तास. डिस्क तीच, डेटा तोच, आणि वाट बदलली की १७ मिनिटांचे साडेपाच तास होतात. म्हणून कामाला हात घालण्याआधी ही एक ओळ लिहाच.

वाट काढूनही प्रत्यक्ष वेग फारच कमी आला, २-३ मेगाबाइटवर अडकला, तर विंडोज एक्सपी असलेल्या कॉम्प्युटरवर एक जागा लगेच तपासा. डेटा नेताना डीएमएमध्ये सहाहून जास्त वेळा चूक झाली की एक्सपी स्वतःहून तो बंद करून पीआयओवर जातं आणि कुणाला सांगत नाही. पीआयओमध्ये प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतः उचलावा लागतो, त्यामुळे कॉपी चालू असताना माऊससुद्धा अडखळतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनलच्या प्रॉपर्टीजमध्ये चालू मोड दिसतो. ते चॅनल अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर परत सुरू केला की डीएमए पुन्हा लागतो. मात्र चुका का झाल्या ते शोधा : बहुतेक वेळा केबल, कधी मरायला टेकलेली डिस्क.

एकाच आयडीई केबलवर मास्टर आणि स्लेव्ह अशा दोन डिस्क असतील तर एका वेळी एकच बोलते. एकीवरून दुसरीवर कॉपी करताना केबलचा आकडा निम्मा धरा. आणि पीसीआय स्लॉटमध्ये कार्ड लावून वेग वाढवायचा विचार असेल तर साध्या ३२ बिटी पीसीआयची सगळ्यांत मिळून मर्यादा १३३ मेगाबाइट आहे, हेही वाटेत लिहा.

सातवी पायरी : यंत्राला खरंच किती वेग लागतो ते विचारा

सोलापुरात काम करणाऱ्याला हा हिशेब आलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. जुन्या जॅकार्डवर पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं चालायची. एक कार्ड म्हणजे एक पिक, उभे धागे उचलणाऱ्या एका हूकची जागा म्हणजे एक बिट : भोक आहे किंवा नाही. धरा ४०० हूक आणि मिनिटाला १२० पिक. सेकंदाला २ कार्डं, ८०० बिट, म्हणजे १०० बाइट. आपल्या शहरातला सगळ्यात जुना स्टोरेज इंटरफेस सेकंदाला १०० बाइटचा होता आणि त्याच्यावर विणलेल्या चादरी देशभर गेल्या.

आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड घ्या. २,६८८ हूक आणि मिनिटाला ४०० पिक धरा. गुणाकार करून ६० ने भागा : सेकंदाला १७,९२० बिट, म्हणजे २,२४० बाइट. फ्लॉपी सेकंदाला ४६,०८० बाइट देते, वीसपट जास्त. मागाला फ्लॉपीचा वेग कधीच कमी पडलेला नाही. त्रास होतो तो फ्लॉपीला बुरशी लागण्याचा, कापसाच्या कस्पटाने हेड घाण होण्याचा आणि नवी फ्लॉपी न मिळण्याचा.

म्हणून मागाच्या कंट्रोलरचा फ्लॉपी ड्राइव्ह गेला तर गोटेकसारखा एम्युलेटर बसवा. तो पेन ड्राइव्हवरच्या फाइलला फ्लॉपी म्हणून पुढे करतो. मालक विचारतील, "पेन ड्राइव्ह लावला, मग डिझाइन पहिल्याएवढाच वेळ का घेतंय?" उत्तर सरळ आहे : कंट्रोलर समोर फ्लॉपी आहे असंच समजतो आणि ५०० किलोबिटनेच मागतो. यूएसबी ३.० चा महाग पेन ड्राइव्ह लावून काही मिळणार नाही. एम्युलेटर घेताना मात्र यंत्राला १.४४ ची फ्लॉपी लागते की ७२० केबीची, हे आधी बघून घ्या.

सीएनसीमध्ये उलटी गोष्ट होऊ शकते, तिथे वेग खरोखर कमी पडतो. प्रोग्रॅम मशीनच्या मेमरीत मावत नसेल तर तो सिरियल केबलवरून ओळी-ओळीने सोडतात. ६०० किलोबाइटचा प्रोग्रॅम ९६०० बॉडला ६२५ सेकंद, दहा मिनिटांच्या वर. एक ओळ सरासरी २० अक्षरांची धरली तर सेकंदाला ४८ ओळी. मिनिटाला १,२०० मिलिमीटर फीड (टूल सरकण्याचा वेग) आणि प्रत्येक ओळ अर्ध्या मिलिमीटरची असेल तर मशीन सेकंदाला ४० ओळी खातं, निभावतं. फीड ३,००० वर नेलं की १०० ओळी लागतात आणि ४८ च येतात. टूल थांबत-थांबत चालतो, जॉबवर खुणा उमटतात, आणि ऑपरेटर टूलला दोष देतो. तिथे बॉड रेट दोन्ही टोकांना वाढवा, केबल आखूड आणि शिल्डेड ठेवा, आणि ते जमत नसेल तर फीड कमी करा.

आठवी पायरी : मगच पार्ट आणा

अल्ट्रा डीएमए ३३ च्या मदरबोर्डाला साटा एसएसडी अडॅप्टरने जोडली तर वेग ३३ च्या वर जाणार नाही. तरीही कॉम्प्युटर पळाल्यासारखा वाटेल, कारण उडी मारायला १० मिलिसेकंदांऐवजी एसएसडीला ०.१ लागतात. म्हणून एसएसडी बसवणं योग्यच, पण ५५० मेगाबाइटचा आकडा बघून महागडी घेऊ नका. सगळ्यात स्वस्त, नावाजलेल्या कंपनीची, लहान आकाराची घ्या. डॉस किंवा विंडोज ९८ वाल्या यंत्राला तर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डच माझ्या मते उत्तम. ते मुळात आयडीईचीच भाषा बोलतं, मधला अडॅप्टर म्हणजे नुसत्या तारा जोडलेल्या असतात, बिघडण्यासारखं त्यात फार काही नाही.

आकाराची मर्यादाही तपासा. खूप जुन्या बायोसला (मदरबोर्डावरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमला) ५२८ मेगाबाइटच्या पुढचं दिसत नाही, त्यानंतरच्यांना ८.४ गीगाबाइटच्या, आणि २८ बिटी पत्त्यावाल्यांना १३७ गीगाबाइटच्या पुढचं. डॉसच्या फॅट-१६ या फाइल ठेवण्याच्या पद्धतीत एक पार्टिशन २ गीगाबाइटपर्यंतच. ४ गीगाबाइटचं कार्ड शोधणं ५१२ च्या एसएसडीपेक्षा अवघड असतं, पण यंत्राला तेच चालतं.

३.५ इंची जुनी डिस्क यूएसबी अडॅप्टरला लावताना १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा द्या, यूएसबीच्या ५ व्होल्टवर तिची मोटर फिरत नाही. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात पत्र्याखालच्या ऑफिसात तासन् तास नक्कल चालवायची असेल तर डिस्कवर टेबल फॅनचा वारा धरा आणि सगळं यूपीएसवर लावा.

नक्कल चालू झाली की दहा मिनिटांनी प्रत्यक्ष वेग वहीत लिहा, शेजारी कागदावरचा वेग लिहा. निम्म्याहून कमी असेल तर थांबवून केबल, पोर्ट आणि मोड याच क्रमाने तपासा. ठीक असेल तर मालकांना हिशेबाच्या दीडपट वेळ सांगा. काम संपल्यावर अडॅप्टरवर मोजलेल्या वेगाची चिठ्ठी चिकटवा, कॅबिनेटच्या आत डिस्कचा मोड, आकाराची मर्यादा आणि तारीख मार्करने लिहून ठेवा, आणि नक्कल केलेली जुनी डिस्क पुसू नका. ती डिझाइनांसह मालकांच्या हातात परत द्या.